शरीरमापन, कुमारवयीन स्थूलतेतील

उंची, वजन, कमरेचा व मानेचा घेर, त्वचेच्या घडीची जाडी, रक्तदाब इ. सहज घेता येणाऱ्या मापांवरून स्थूल मुलामुलींमध्ये पुढे हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार उद्भवण्याचा संभव अजमावण्याच्या पद्धतीला ‘स्थूलतेतील शरीरमापन’ म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे हे कुमारवय होय. या वयात हृदयविकाराची लक्षणे बहुधा नसतात. मात्र त्याची कारणे शरीरात हळूहळू साठत असतात. सर्वच स्थूल मुलांची रक्ततपासणी वा प्रतिमादर्शक तपासणी करणे खर्चाचे असून बहुतेक ठिकाणी शक्यही नसते. म्हणून कोणाची तपासणी आधी करावी, हे ठरविण्यास साधी मापे उपयोगी पडतात. वजन किती आहे यापेक्षा वसा (चरबी) शरीरात कोठे साठली आहे याला हृदयविकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्व असते. ही गोष्ट वजनकाट्यावर समजत नाही. मापनफितीने मात्र बऱ्याच अंशी समजते.

विकाराचा आरंभ : हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या हृद्‌रोहिण्यांच्या आतील थरात वसा साचून त्या कठीण व अरुंद होण्याच्या विकाराला रोहिणीविलेपी विकार म्हणतात. त्याचे परिणाम पन्नाशीच्या सुमारास दिसत असले, तरी आरंभ फार लवकर होतो. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवपरीक्षेचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृद्‌रोहिण्यांमध्ये या विकाराची चिन्हे आढळली.

अमेरिकेतील लुइझिअ‍ॅना राज्यात बोगलूसा या गावी जेरल्ड बेरेन्सन यांच्या नेतृत्वाखाली १९७०–८० या दशकाच्या आरंभापासून मुलांचे दीर्घकालीन निरीक्षण करण्यात आले. या अभ्यासातील ज्या व्यक्ती पुढे अपघातादी कारणांनी तरुणपणीच मृत्यू पावल्या, त्यांच्या शवपरीक्षेचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीर वस्तुमान निर्देशांक, रक्तदाब, रक्तातील वसा आणि धूम्रपान यांपैकी जितके अधिक धोक्याचे घटक एखाद्या व्यक्तीत हयातीत एकत्र आढळले होते, तितके तिच्या महारोहिणीतील व हृद्‌रोहिण्यांतील विलेपन अधिक पसरलेले होते. इझ्राएलमध्ये १९६७ ते २०१० या काळात सैन्यभरतीपूर्वी तपासलेल्या सुमारे २३ लक्ष किशोरवयीनांच्या नोंदींवरूनही (२०१६) त्या वयातील वाढता निर्देशांक व पुढील आयुष्यातील हृदयविकारजन्य मृत्यू यांचा निकट संबंध दिसून आला.

तथापि हा संबंध अटळ नाही. अमेरिका, फिनलंड व ऑस्ट्रेलिया येथील चार दीर्घकालीन अभ्यासांतील ६,३२८ व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणात (२०११) असे आढळले की, जी मुले लहानपणी अतिभारित वा स्थूल होती परंतु प्रौढपणी स्थूल राहिली नाहीत, त्यांच्यातील मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तवसेचे दोष व ग्रीवारोहिणीच्या भित्तीचे जाड होणे यांचे प्रमाण कधीच स्थूल नसलेल्यांइतकेच होते. कुमारवयात धोका ओळखण्याचे महत्त्व यामुळेच आहे. या वयातील हानी बऱ्याच अंशी भरून येऊ शकते.

वसेचे स्थान : फ्रान्समधील मार्सेचे वैद्य झां व्हाग यांनी १९४७ मध्ये स्थूलतेचे दोन प्रकार वर्णिले. एकात वसा मुख्यतः धडाच्या वरच्या भागात व पोटावर, तर दुसऱ्यात नितंब व मांड्यांवर साठते. पहिला प्रकार पुरुषांत व दुसरा स्त्रियांत अधिक आढळत असला, तरी तो दोघांतही असू शकतो. मधुमेह व रोहिणीविलेपी विकार यांचा संबंध मुख्यत्वे पहिल्या प्रकाराशी असल्याचे त्यांनी दाखविले.

उदरगुहेत आतड्यांभोवती साठलेली वसा त्वचेखालील वसेपेक्षा अधिक क्रियाशील असते. तिच्यातून सुटणारी वसाम्ले प्रवेशिका नीलेवाटे थेट यकृताकडे जातात. त्यामुळे यकृतात वसा साठते, इन्शुलिनाचा प्रभाव मंदावतो, ट्रायग्लिसराइडांचे रक्तातील प्रमाण वाढते आणि संरक्षक मानल्या जाणाऱ्या उच्च घनतेच्या वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉलाचे प्रमाण घटते. वसापेशींतून स्रवणाऱ्या काही पदार्थांमुळे रक्तवाहिन्यांत सौम्य स्वरूपाचा चिरकारी शोथ (दाहयुक्त प्रतिक्रिया) निर्माण होतो. रक्तदाब वाढल्याने व शरीराची एकूण गरज वाढल्याने डाव्या निलयाची भित्ती जाड होऊ लागते. पोटाचा घेर हे या सर्व साखळीचे बाहेरून दिसणारे चिन्ह होय.

शरीर वस्तुमान निर्देशांक : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. बेल्जियन सांख्यिकीविज्ञ आडॉल्फ केटले (१७९६–१८७४) यांनी वजन हे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे दाखविले. निर्देशांकाला आजचे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले.

प्रौढांसाठी २५ व ३० अशा ठरीव सीमा वापरतात. मुलांना त्या लागू पडत नाहीत, कारण वाढत्या वयात हा निर्देशांक स्वाभाविकपणेच बदलतो. त्यामुळे त्याची तुलना त्याच वयाच्या व लिंगाच्या मुलांच्या आलेखाशी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भ आलेखात मध्यापासून एक प्रमाण विचलनाच्या वर अतिभार व दोन प्रमाण विचलनांच्या वर स्थूलता मानली जाते. स्थूलतेची ही सीमा १० वर्षांच्या मुलात सुमारे २१·४, तर १९ वर्षांच्या मुलात २९·७ इतकी येते. भारतीय बालरोगतज्ज्ञ परिषदेने २०१५ मध्ये सिद्ध केलेल्या ५ ते १८ वर्षांसाठीच्या आलेखांत प्रौढांतील २३ (अतिभार) व २७ (स्थूलता) यांच्याशी समतुल्य रेषा दिल्या आहेत. भारतीयांमध्ये कमी निर्देशांकालाच चयापचयाचे दोष दिसू लागतात, म्हणून या सीमा खालच्या पातळीवर आहेत.

निर्देशांकाची उणीव अशी की, त्यात स्नायू, हाडे व वसा यांचे वजन वेगळे कळत नाही. यौवनारंभी मुलांमध्ये स्नायू व मुलींमध्ये वसा झपाट्याने वाढते. त्याचा अर्थ केवळ निर्देशांकावरून लावता येत नाही. वजनाला उंचीच्या घनाने भागून मिळणारा निर्देशांक कुमारवयात वसेचे प्रमाण अधिक अचूक दर्शवितो असे काही अभ्यासांत दिसले आहे. परंतु त्यातही वसेचे स्थान कळत नाहीच.

कमरेचा घेर : उदरातील वसेचा अंदाज देणारे सर्वांत सोपे माप म्हणजे कमरेचा घेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार सर्वांत खालच्या बरगडीची कड आणि कटीच्या हाडाची वरची कड या दोहोंच्या मध्यावर हा घेर मोजतात. मुलाने पाय जवळ ठेवून, हात सैल सोडून ताठ उभे राहावे. फीत चहूबाजूंनी जमिनीला समांतर असावी, त्वचेला टेकावी पण रुतू नये. श्वास सहज बाहेर सोडल्यावर माप वाचावे. माप उपाशीपोटी वा जेवणानंतर काही तासांनी घेणे इष्ट असते. कापडी फीत वापराने ताणली जाते, म्हणून न ताणणारी फीत घ्यावी. दोनदा माप घेऊन सरासरी नोंदवावी व दोन मापांत १ सेंमी. हून अधिक फरक पडल्यास तिसरे माप घ्यावे.

शिंप्याप्रमाणे विजारीच्या पट्ट्याजवळ घेतलेले माप यासाठी निरुपयोगी असते. स्थूल मुलात पोट पट्ट्यावरून खाली ओघळत असल्याने ते प्रत्यक्षापेक्षा कमी येते. लाजेने पोट आत ओढून घेण्याची प्रवृत्तीही या वयात असते. बोलण्यात गुंतवून, श्वास सुटल्यावर माप घेतल्यास ही चूक टळते.

हा घेर वयानुसार वाढत असल्याने त्याचेही शततमक आलेख वापरतात. (समवयस्क १०० मुले मापाच्या चढत्या क्रमाने उभी केल्यास ९० व्या क्रमांकावरील मुलाचे माप म्हणजे नव्वदावा शततमक.) आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००७ च्या व्याख्येनुसार १० ते १६ वर्षे वयात नव्वदाव्या शततमकाइतका वा त्याहून मोठा घेर ही चयापचयी लक्षणसमूहाची पहिली अट आहे. तिच्या जोडीला ट्रायग्लिसराइडांचे वाढलेले प्रमाण, उच्च घनतेच्या वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉलाचे घटलेले प्रमाण, वाढलेला रक्तदाब आणि उपाशीपोटी वाढलेले ग्लुकोज यांपैकी दोन दोष असल्यास निदान होते. सोळा वर्षांनंतर दक्षिण आशियाई व्यक्तींसाठी प्रौढांचीच सीमा लागू होते; ती पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. आहे. भारतीय मुलांच्या पाहणीवरून मात्र धोक्याची सूचना देण्यासाठी सत्तराव्या शततमकाची अधिक सावध सीमा सुचविण्यात आली आहे (२०१४).

कमर-उंची गुणोत्तर : कमरेच्या घेराला उंचीने भागले असता येणारे हे गुणोत्तर वय, लिंग व आलेख यांवर फारसे अवलंबून नसते. ब्रिटनमध्ये मार्गारेट ॲशवेल यांनी व इतरत्र अन्य संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकांत त्याचा पुरस्कार केला. त्याचा सर्वसामान्य नियम असा की, कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य व शुश्रूषा गुणवत्ता संस्थेने २०२२ मध्ये पाच वर्षांवरील मुलांसाठीही हे गुणोत्तर विचारात घेण्याची शिफारस केली. ०·४ ते ०·४९ हे निरोगी, ०·५ ते ०·५९ हे वाढीव धोक्याचे व ०·६ आणि त्यापुढील हे अधिक धोक्याचे, असे तीन गट तिने मानले आहेत.

समजा, १४ वर्षांच्या दोन मुलांची उंची प्रत्येकी १६० सेंमी. व वजन ६८ किग्रॅ. आहे. दोघांचाही निर्देशांक २६·६ येतो व आलेखावर दोघेही स्थूल ठरतात. पहिल्याच्या कमरेचा घेर ८६ सेंमी. असल्यास गुणोत्तर ०·५४ आणि दुसऱ्याचा ७७ सेंमी. असल्यास ०·४८ येते. वजन सारखेच असूनही पहिल्याची रक्ततपासणी आधी करणे आवश्यक ठरते. फीत उपलब्ध नसल्यास उंचीइतकी दोरी घेऊन ती दुमडावी. दुमडलेली दोरी कमरेभोवती पुरी पडत नसेल, तर गुणोत्तर ०·५ हून अधिक आहे असे समजावे.

सीमेजवळ मात्र लहानशी चूकही निष्कर्ष बदलते. १५० सेंमी. उंचीच्या मुलीचा घेर ७६ सेंमी. असल्यास गुणोत्तर ०·५१, तर ७४ सेंमी. असल्यास ०·४९ येते. म्हणून उंचीही काळजीपूर्वक मोजावी लागते. पादत्राणे काढावीत, टाचा भिंतीला लागाव्यात, अंबाडा वा उंच बांधलेली वेणी सोडावी व नजर सरळ समोर असावी.

इतर मापे : (१) नितंबांचा घेर : प्रौढांमध्ये कमर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर उपयुक्त असले, तरी यौवनारंभी, विशेषतः मुलींमध्ये, श्रोणी रुंदावत असल्याने कुमारवयात ते फसवे ठरू शकते. (२) मानेचा घेर : हे माप कंठमण्याच्या लगेच खाली घेतात. जेवण, श्वसन वा कपडे यांचा त्यावर परिणाम होत नाही व ते सर्वांसमक्ष संकोचाविना घेता येते. त्याचा संबंध निद्रेतील श्वासावरोधाशीही असल्याने घोरणाऱ्या स्थूल मुलांत ते विशेष उपयोगी पडते. मानेच्या मागे व काखेत त्वचा काळवंडून मखमलीसारखी जाड झालेली दिसल्यास ते इन्शुलिनाचा प्रभाव मंदावल्याचे दृश्य चिन्ह होय; पुष्कळदा घरी तो मळ समजून घासला जातो. (३) त्वचेच्या घडीची जाडी : दंडाच्या मागील बाजूस व खांद्याच्या फऱ्याखाली त्वचेची घडी चिमटीत धरून ठराविक दाब देणाऱ्या कॅलिपरने तिची जाडी मोजतात. तीवरून शरीरातील एकूण वसेचा अंदाज सूत्रांनी काढता येतो. परंतु यासाठी सराव लागतो आणि अतिस्थूल मुलांत घडी नीट पकडता येत नाही.

रक्तदाब : हे आकाराचे माप नसले, तरी वरील मापांच्या जोडीला ते घेणे आवश्यक असते. येथे दंडाचा घेर मोजणे महत्त्वाचे आहे. दाबमापकाच्या पट्ट्यातील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के व लांबी ८० ते १०० टक्के असावी लागते. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधल्यास रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो. अमेरिकन बालरोग परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार १३ वर्षांपासून पुढे १२०/८० मिमी. हून कमी दाब प्राकृत असून १३०/८० मिमी. वा त्याहून अधिक दाब वेगवेगळ्या तीन वेळी आढळल्यास उच्च रक्तदाब समजतात. त्याखालील वयात वय, लिंग व उंचीनुसार कोष्टके वापरतात [⟶ रक्तदाब].

भारतीय शरीररचना : भारतीयांच्या बाबतीत निर्देशांकावर विसंबणे अधिक धोक्याचे आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. मात्र शरीरातील वसेचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. हा फरक जन्मापासूनच असतो, असे पुण्याजवळील खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून दिसून आले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३·५ किग्रॅ. होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू व उदरातील इंद्रिये लहान होती. फऱ्याखालील त्वचेच्या घडीची जाडी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. कमी वजनाने जन्मलेले बालक पुढे शहरी आहार व बैठी राहणी यांमुळे झपाट्याने जाड झाल्यास त्याला मधुमेह व हृदयविकार यांचा धोका अधिक असतो. ‘मूल सडपातळ होते, आता अंग धरू लागले’ असे कौतुकाने म्हटले जाते तेव्हाच त्याची कमर मोजणे हितावह असते.

अर्थबोध व मर्यादा : कोणतेही एक माप पुरेसे नसते. स्थूलतेच्या निदानाविषयी एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०२५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार निर्देशांकाला कमरेच्या घेरासारख्या निदान एका मापाची जोड असावी. व्यवहारात पुढील क्रम सोयीचा ठरतो : प्रथम उंची व वजन घेऊन निर्देशांक आलेखावर मांडावा; नंतर कमर-उंची गुणोत्तर काढावे; मग योग्य पट्ट्याने रक्तदाब मोजावा व मानेची त्वचा पाहावी. यांत दोष आढळल्यास, किंवा मूल स्थूल असून आईवडिलांत मधुमेह वा अकाली हृदयविकार असल्यास, उपाशीपोटीचे ग्लुकोज, रक्तातील वसा व यकृताची कार्यपरीक्षा करवून घ्यावी.

ही मापे निदान करीत नाहीत, तर निवड करतात. गुणोत्तर ०·५ हून अधिक असलेल्या सर्वच मुलांत रक्तदोष आढळत नाहीत. उलट त्याहून कमी असलेल्या काहींत आनुवंशिक कारणांमुळे कोलेस्टेरॉल फार वाढलेले असते व ते फितीने कळत नाही. यौवनारंभी इन्शुलिनाचा प्रभाव निरोगी मुलांतही तात्पुरता मंदावतो, म्हणून एकाच वेळच्या मापापेक्षा दर सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने घेतलेली मापे अधिक बोलकी असतात. शाळेतील तपासणीत माप आडोशाला घ्यावे, मुलींचे माप स्त्रीने घ्यावे व आकडा वर्गात मोठ्याने सांगू नये. चेष्टेला भिऊन मूल खेळाच्या मैदानापासून दूर राहू लागले, तर तपासणीचा हेतूच विफल होतो.

वाढत्या वयाचा एक लाभ असा की, मापे सुधारण्यासाठी वजन घटलेच पाहिजे असे नाही. १५० सेंमी. उंची व ७८ सेंमी. कमर असलेल्या मुलाचे गुणोत्तर ०·५२ असते. आहारातील तळलेले व गोड पदार्थ आणि साखरयुक्त पेये कमी करून, दररोज तासभर खेळ वा व्यायाम करून त्याची कमर तेवढीच राखली व उंची १६० सेंमी. झाली, तर गुणोत्तर ०·४९ वर येते. उंचीची वाढ थांबल्यानंतर ही सवलत राहत नाही. मुलींमध्ये उंचीच्या वाढीचा सर्वाधिक वेग सुमारे १२ व्या व मुलांमध्ये सुमारे १४ व्या वर्षी असतो. म्हणून त्यापूर्वीच घेतलेले कमरेचे माप सर्वांत अधिक उपयोगी ठरते [⟶ स्थूलता].